घरातील झाडे काढा

शेवटी काय झालं, तर कमळाबाई नागवेकरांची एकोणचाळीस झाडं घराबाहेर गेली आणि हरिश्चंद्र नागवेकरांचा श्वास घरी परत आला.

पण हे वाक्य आपण वाचलेलं नाही. असं काही झालेलंच नाही. नोव्हेंबर महिना चालू आहे, झाडं त्रेचाळीसच्या त्रेचाळीस जागच्या जागी आहेत, खिडक्या बंद आहेत आणि हरिश्चंद्र संडासात उभे राहून गाऱ्हाण्याची पहिली ओळ पुरी करायच्या खटपटीत आहेत.

संडासातच का, तर घरात झाडांवाचून उरलेली तेवढी एकच खोली होती.

"हे विघ्नहर्त्या, सिंधुदर्शन सहकारी गृहनिर्माण संस्थेतर्फे..." इथवर ते पोचायचे. 'संस्थे'वर छातीत शिट्टी वाजायची आणि 'तर्फे'ला हवा संपायची.

"अहो, आत कुणाशी बोलताय?" बाहेरून कमळाबाई.

"गणपतीशी."

"मग बाहेर येऊन बोला. हात धुवून."

सिंधुदर्शन ही रत्नागिरीतली तीन मजली बिल्डिंग. नावात समुद्र आहे, पण प्रत्यक्षात तो फक्त गच्चीवरची पाण्याची टाकी साफ करणाऱ्याला दिसतो. इथे दर वर्षी माघी गणपती बसतो आणि दर वर्षी हरिश्चंद्र त्याच्यापुढे गाऱ्हाणं घालतात. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे सगळ्यांच्या वतीने मोठ्याने मांडायचं मागणं. एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी प्रत्येक मागणीला "व्हय महाराजा" म्हणून जोर द्यायचा. गावाकडे हे साध्या बोलीत चालतं. पण सिंधुदर्शनमधले अर्धे रहिवासी सरकारी कचेऱ्यांतून निवृत्त झालेले. त्यामुळे इथे आधी मसुदा होतो, तो समितीपुढे जातो, समिती त्यात 'उपरोक्त' घालते आणि मग गणपतीला 'पाण्याचा पुरवठा नियमित होणेबाबत' असं काहीतरी ऐकून घ्यावं लागतं. तो बिचारा ऐकतो.

नियम एकच. गाऱ्हाणं मध्ये तुटता कामा नये. तुटलं की तिथून पुढची मागणी देवाच्या कानावर जात नाही. ही अंधश्रद्धा म्हणावी, तर पुरावा हजर होता. गेल्या वर्षी हरिश्चंद्रांना खोकल्याची उबळ आली ती नेमकी 'लिफ्टची दुरुस्ती' या शब्दांवर. लिफ्ट तेव्हापासून तळमजल्यावर उभी आहे. आणि नागवेकर राहतात तिसऱ्यावर.

"काका, मनाला लावून घेऊ नका," सोसायटीचा सेक्रेटरी नितेश दिवाळीत म्हणाला होता, "यंदा मोबाईलवर रेकॉर्ड करूया. थोडं थोडं म्हणा, मी जोडतो. स्पीकरवर लावलं की झालं."

"आणि व्हय महाराजा कोण म्हणणार? तो पण स्पीकरच?"

"ते होईल ना, काका. त्याचं पण ॲप असेल."

हरिश्चंद्रांना बोलण्याआधी दोन जिने चढल्याचा हिशेब चुकता करायचा होता. पण मनात त्यांनी ठरवलं: यंदा उभं राहून, न तुटता, स्वतःच्या हवेवर. नाहीतर पुन्हा देवासमोर उभं राहायचंच नाही.

एकतीस वर्षं ते मालवाहू जहाजांच्या इंजिनाशेजारी तेलपाण्याच्या कामावर होते. तिथली उष्णता, तेलाची वाफ, धूर, हे सगळं त्यांनी छातीत भरून घरी आणलं. बाकीचे खलाशी परफ्युम आणायचे. या ऑगस्टमध्ये एक दिवस दम असा लागला की त्यांना दवाखान्यात तीन दिवस ऑक्सिजनवर ठेवावं लागलं.

त्या तीन दिवसांत कमळाबाईंनी नवऱ्याकडे फार बघितलं नाही. त्या सिलिंडरच्या काट्याकडे बघत बसल्या. काटा जरा लाल रेघेकडे सरकला की नर्सला हाक. नर्स म्हणायची, "काकी, अजून दोन तास पुरेल." या पुन्हा काट्याकडे. त्यांना काट्याचं म्हणणं नर्सपेक्षा जास्त पटत होतं.

घरी आल्यावर त्या विषयावर त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी भात वाढताना फक्त एवढंच म्हणाल्या, "ऑक्सिजन विकत आणायची वस्तू नाय. घरात पिकवायचा."

कमळाबाईंचं माहेर पालीजवळचं, शेतकऱ्याचं. तिथे जे लागतं ते पिकवतात. आणि नेमकं त्याच आठवड्यात ठाण्याहून मुलीने, दीपालीने, व्हॉट्सॲपवर पाठवलं: 'ही दहा झाडं घरात लावा आणि शुद्ध हवा मिळवा.'

"दहा ती साध्या माणसाला," कमळाबाईंनी तिला फोनवर सांगितलं. "तुझे बाबा बोटीवरचे. त्यांना जास्त लागणार."

नोव्हेंबरपर्यंत त्रेचाळीस झाली. दुकानातली इंग्रजी नावं कमळाबाईंच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी घरची नावं ठेवली. लांब पानांचं, कडेला पिवळे पट्टे असलेलं ते फुरसं, त्या विषारी सापावरून. लोंबत्या पोरांचं ते कोळी. पांढऱ्या फुलाचं ते मास्तरीण, कारण ते पाणी थोडं कमी पडलं की मान टाकायचं आणि मिळालं की लगेच ताठ.

यातून एकदा प्रसंग ओढवला. समोरच्या फ्लॅटमधल्या दर्शनाने जिन्यात कमळाबाईंना फोनवर बोलताना ऐकलं: "बेडरूममध्ये दोन फुरशी आहेत गो, यांच्या उशाशीच. बाळंत झाल्यासारखी पसरलीयत." दर्शना भली बाई. तिने तडक सर्पमित्राला बोलावलं. तो काठी आणि बरणी घेऊन तीन जिने चढून आला, पलंगाखाली झोपून बघितलं, आणि कुंडीतली फुरशी दाखवल्यावर बराच वेळ कुंडीसमोर गंभीर उभा राहिला. रिकाम्या हाताने जायचं त्याला बरं वाटेना. शेवटी त्याने एक पान कापून बरणीत घातलं आणि नेलं.

अडचण झाडांत नव्हती, व्यवस्थेत होती. पिकवलेला ऑक्सिजन बाहेर जाऊ नये म्हणून कमळाबाईंनी खिडक्या लावून घेतल्या. "आपण पिकवायचा आणि समोरच्या दर्शनाने ओढायचा? कष्ट कोणाचे?" कुंड्यांखालच्या बशांत पाणी साचलं. पाण्यात डास झाले. डासांसाठी रोज संध्याकाळी अगरबत्ती पेटू लागली. अगरबत्तीचा धूर झाला, तो शोषायला आणखी तीन झाडं आली. ओल्या मातीला पांढरी बुरशी धरली, ती पुढे कपाटामागच्या भिंतीवर गेली. आणि या सगळ्याच्या मधोमध, जंगलात हरवलेल्या माणसासारखे, हरिश्चंद्र पेपर वाचत बसायचे.

"आता कसं वाटतं?" कमळाबाई रोज विचारायच्या.

"बरं वाटतं," हरिश्चंद्र शिट्टीसकट सांगायचे.

खरं सांगायची त्यांची छाती नव्हती. दोन्ही अर्थांनी. ही बाई पहाटे उठून एकेक पान ओल्या फडक्याने पुसायची आणि पुसता पुसता झाडाला दरडावायची: "नुसतं उभं राहू नको. काम कर. बघ ते कसे धापतायत." अशा बाईला काय सांगणार?

डिसेंबरात ते छातीच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर योगिनी, वय तिशीच्या आसपास, शहरात नवीन. कमळाबाई बरोबर होत्या, पण त्या बाहेरच थांबल्या, कारण दवाखान्यातल्या मनी प्लांटवर चार बोटं धूळ होती आणि ते त्यांच्याच्याने बघवेना.

आत डॉक्टरांनी छाती तपासली, पुठ्ठ्याच्या नळीत फुंकायला लावलं, आकडा बघितला आणि विचारलं, "काका, घरात धूर, ओल, पाळलेला प्राणी असं काही?"

"प्राणी नाही," हरिश्चंद्र म्हणाले. "दोन फुरशी, सहा कोळी आणि एक मास्तरीण."

मग त्यांनी सगळं सांगितलं. कपाटामागच्या भिंतीसकट. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"काका, कुंडीतल्या झाडांनी खोलीची हवा सुधारते म्हणतात, पण त्याला किती झाडं लागतील माहितीय? तुम्हाला राहायला जागा उरणार नाही इतकी. दोन-चार असली तर काही बिघडत नाही, शोभेला असू द्यात. पण बंद घर, ओली माती, बुरशी, डासांची अगरबत्ती, यात तुमची फुप्फुसं काय करणार? झाडं बाहेर ठेवा, खिडक्या उघडा, भिंत साफ करून घ्या. श्वासाचा पंप चुकवू नका. महिन्याभरात गाऱ्हाणं घालाल."

"हे तुम्हीच तिला सांगाल का?"

"बोलवा ना त्यांना."

"नको नको," हरिश्चंद्र घाईघाईने म्हणाले. "लिहून द्या."

डॉक्टर योगिनींचा एक नेम होता. औषधांची नावं सोडली तर बाकी सगळ्या सूचना त्या शुद्ध मराठीत, सुवाच्य अक्षरात लिहायच्या. पेशंटला कळलं पाहिजे, म्हणून. त्यांनी लिहिलं:

१. पंप, सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा.
२. घरातील झाडे काढा.
३. सकाळ-संध्याकाळ खिडक्या उघडा.

यापेक्षा स्वच्छ मराठी असू शकत नाही. गोंधळ व्हायला एवढी स्वच्छता पुरते.

घरी आल्यावर हरिश्चंद्रांनी ती चिठ्ठी कमळाबाईंच्या हातात दिली आणि स्वतः गॅलरीत जाऊन न दिसणारा समुद्र बघत राहिले. मागून वाचण्याचा आवाज आला. मग थांबला. एवढी शांतता त्यांनी इंजिन बंद पडल्यावरच ऐकली होती.

"घरातील झाडे," कमळाबाई सावकाश म्हणाल्या. "काढा?"

"हां," हरिश्चंद्र समुद्राकडे बघत म्हणाले. "काढा."

"सकाळ-संध्याकाळ?"

"ते खालच्या ओळीतलं..."

"सकाळ-संध्याकाळ," कमळाबाईंनी निकाल दिला आणि चिठ्ठीची घडी घालून ती देवघरात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरिश्चंद्रांपुढे पितळी पेला आला. त्यात काळपट हिरवं काहीतरी वाफाळत होतं.

"हे काय?"

"काढा. घरातल्या झाडांचा. डॉक्टरीण शहाणी दिसते. एवढ्याशा वयात किती कळतं."

हरिश्चंद्रांनी तोंड उघडलं. खरं म्हणजे सांगायलाच उघडलं होतं. पण उघडं तोंड बघून कमळाबाईंनी पेला लावला.

अडुळशाला कडू म्हणणं म्हणजे त्याचा अपमान आहे. कडू ही चव असते. हे शासन होतं.

आता पुढचा भाग नीट लक्षात घ्यायचा. कमळाबाई शेतकऱ्याची लेक. कुठलं पान पोटात जातं आणि कुठलं नाही, हे त्यांना दुकानदारापेक्षा जास्त ठाऊक. त्रेचाळीसमधली काढ्याच्या कामाची झाडं निघाली चार: अडुळसा, तुळस, गवती चहा आणि ओव्याचं पान. बाकीची एकोणचाळीस नापास.

"फुरसं पोटात गेलं तर माणूस जाईल. मनी प्लांटला गाय पण तोंड लावत नाय," त्या कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या. "डॉक्टरीण म्हणते काढा, आणि ह्यांचा काढा होत नाय. मग घरात बसून खातायत काय फुकटचं?"

संध्याकाळपर्यंत एकोणचाळीस कुंड्या जिन्यात गेल्या. तिसऱ्या मजल्यापासून पहिल्यापर्यंत प्रत्येक पायरीच्या कडेला एक. काढा उकळताना वास कोंडतो म्हणून दोन्ही वेळा खिडक्या उघडू लागल्या. बशा गेल्या म्हणून डास गेले, डास गेले म्हणून अगरबत्ती गेली. कपाटामागची भिंत तर कमळाबाईंनी स्वतःच घासली. का घासली ते त्यांनी सांगितलं नाही, आणि हरिश्चंद्रांनीही विचारलं नाही. बोलायला गेलं की पेला यायचा.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात हरिश्चंद्र संडासात गाऱ्हाण्याच्या तिसऱ्या ओळीपर्यंत पोचले. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी संडास सोडला आणि हॉलमध्ये उभे राहिले. लिफ्टचा शब्द आला, गेला, छाती गप्प. ते कॅलेंडरवरच्या गणपतीकडे बघून हसले.

"बघा," कमळाबाई आतून म्हणाल्या, "काढ्याचा गुण."

इथे हरिश्चंद्रांचं मन खायला लागलं. कारण काढ्याची कीर्ती घराबाहेर गेली होती. दर्शनाला एक बाटली पोचली. तिला काही झालं नव्हतं, पण तीही प्यायली आणि मग मात्र तिला झालं. नितेश सेक्रेटरी जिन्यात कुंड्या ठेवल्याबद्दल नोटीस घेऊन आला होता, त्याला नोटीस द्यायच्या आधी पेला मिळाला. तो ती नोटीस खिशात तशीच घेऊन खाली उतरला, पायऱ्यांवर दोनदा बसत. आणि गाऱ्हाण्याच्या चार दिवस आधी, डॉक्टरांकडे पुन्हा दाखवायला जायच्या दिवशी, कमळाबाईंनी पिशवीत एक मोठी बाटली ठेवली. डॉक्टरिणीला भेट.

रिक्षात हरिश्चंद्र त्या बाटलीकडे बघत बसले. आता ती पोरगी म्हणणार, कसला काढा? आणि ही सगळ्यांसमोर एवढंसं तोंड करून उभी राहणार. हिने पान न् पान पुसलं होतं.

"कमळा," ते म्हणाले. "एक सांगायचं होतं. त्या चिठ्ठीतला काढा म्हणजे..."

"हां?"

"म्हणजे तो काढा नव्हे. काढा म्हणजे... बाहेर काढा. झाडं."

कमळाबाईंनी पिशवी मांडीवर नीट केली. बाहेर एक टेम्पो गेला.

"मला वाचता येतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"दोन नंबरला लिहिलं होतं 'झाडे काढा'. प्यायचा असता तर 'झाडांचा काढा' लिहिलं असतं. आणि तीन नंबरला लिहिलंय खिडक्या उघडा. म्हणजे खिडक्यांचं औषध करायचं का? पहिल्याच दिवशी कळलं."

हरिश्चंद्रांचं पुढचं वाक्य तुटलंच. या वेळी दोष छातीचा नव्हता.

"मग मला इतके दिवस ते..."

"तुम्ही तोंडाने सांगितलं असतंत, कमळा, मला तुझ्या झाडांत गुदमरतंय, तर त्याच संध्याकाळी सगळी बाहेर नेली असती. एक शब्द बोलले नसते." त्या समोर रस्त्याकडे बघत होत्या. "चिठ्ठी कसली देता? एकतीस वर्षं चिठ्ठ्याच वाचल्या मी तुमच्या. 'मी बरा आहे. काळजी नसावी.' सगळ्या बंदरांतून तेच. आता एका घरात राहतो ना? आता तरी तोंडाने बोला."

रिक्षावाल्याने आरशातून मागे बघितलं आणि रिक्षा हळू केली, कारण त्यालाही पुढचं ऐकायचं होतं.

"मला वाटलं तुला वाईट वाटेल," हरिश्चंद्र म्हणाले.

"वाटलंच. म्हणून तर अडुळसा जास्त घातला."

मग हरिश्चंद्र म्हणाले, "त्या काट्याकडे बघत होतीस ना तू. दवाखान्यात. मला दिसत होतं."

"डोळे मिटून होतात तुम्ही."

"मध्ये मध्ये उघडत होतो."

कमळाबाईंनी पदराने नाक पुसलं आणि रिक्षावाल्याला विचारलं, तो गाडी चालवतोय की ढकलतोय.

डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावलं, आकडा बघितला, खूश झाल्या. चार झाडं गॅलरीत राहू देत म्हणाल्या, पंप चालू ठेवा म्हणाल्या. बाटलीही त्यांनी घेतली. त्या नवीन होत्या.

"मग आता काढा बंद?" परतताना हरिश्चंद्रांनी शक्य तितक्या सहज विचारलं.

"बंद का? आता तो झाडांसाठी नाय. इतके दिवस बोलला नाहीत, त्याचा आहे."

माघी गणपतीला सिंधुदर्शनचे सगळे रहिवासी जिना उतरून खाली जमले. प्रत्येक पायरीवर एक झाड उभं होतं, मास्तरीण पहिल्या मजल्यावर मान ताठ करून. नितेशने मोबाईल तयार ठेवला होता. हरिश्चंद्रांनी तो त्याच्या खिशात परत घातला, दोन पंप घेतले, पाय रोवले आणि सुरुवात केली. पाणी झालं. पार्किंग झालं. लिफ्ट आली तेव्हा सगळ्यांनी श्वास रोखला, फक्त हरिश्चंद्रांनी रोखला नाही. 'दुरुस्ती' हा शब्द अख्खा, टोकापासून टोकापर्यंत, देवाच्या कानात गेला. लोकांनी असा काही "व्हय महाराजा" दिला की वरच्या मजल्यावरचं एक फुरसं हललं.

मसुदा तिथे संपत होता. समितीने कागद खाली घेतले. पण हरिश्चंद्रांकडे हवा उरली होती. खूप दिवसांनी उरली होती. त्यांनी एकदा पहिल्या रांगेकडे बघितलं, जिथे कमळाबाई झाकण घातलेला पितळी पेला हातात धरून, गाऱ्हाणं संपायची वाट बघत उभ्या होत्या. मग त्यांनी गणपतीपुढे हात जोडले आणि न तुटता म्हटलं:

"तसेच हे महाराजा, उपरोक्त संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावरील ज्येष्ठ रहिवासी आपल्या निदर्शनास आणू इच्छितो की, सदर रहिवाशाने यापुढे जे काही असेल ते तोंडाने सांगण्याची लेखी हमी देण्याची तयारी दर्शविलेली असून, तरी त्यास दररोज सकाळ-संध्याकाळ देण्यात येणारा अडुळशाचा काढा तात्काळ प्रभावाने बंद करणेबाबत, किमानपक्षी त्यात साखर घालणेबाबत, सहानुभूतीपूर्वक विचार होऊन संबंधितांस योग्य ते आदेश व्हावेत, ही नम्र विनंती."